परक्या मुलखात पोलिसांनी धरले तर

मोलगीला वैशाखात गेलात तर घरासमोर, खळ्यावर, जिथे म्हणून ऊन पडते तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. त्यांचा आमचूर होतो आणि व्यापाऱ्यांच्या हाती पडून दूरदूरच्या बाजारांत जातो. आमचुरासारखी माणसेही सातपुडा उतरून जातात. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला, शेतीकामाला निघतात. अक्कलकुव्याहून खापर मागे टाकले की थोड्याच वेळात गुजरातची हद्द लागते. पाट्यांवरची अक्षरे बदलतात, पोलिसाची भाषा बदलते. तेव्हा परका मुलूख म्हणजे काय, हे मोलगीकरांना मी सांगावे असे काही नाही.

तरी तिथल्या एका शिक्षकांनी मला अडवून एक प्रश्न विचारला. म्हणाले, "आमच्या पाड्यावरचा एक मुलगा आयटीआय झालाय. वायरमनचं काम करतो. आता कतारला निघालाय. त्याची आई रोज शाळेत येते आणि विचारते, गुरुजी, तिथं शिपायानं धरलं तर आम्हाला कळेल तरी का? मी तिला काय सांगू?"

मला तिथल्या तिथे नीट सांगता आले नाही. म्हणून आज सांगतो.

पहिली गोष्ट ही की आपला कायदा आपल्याबरोबर विमानात बसत नाही. ज्या भूमीवर पाऊल टेकले तिथला कायदा लागू होतो, मग तो आपल्याला माहीत असो वा नसो. आता बघा, खसखस लावल्याशिवाय आपल्याकडे अनारसा होत नाही. पण दुबई, शारजा, अबूधाबी ही ज्या संयुक्त अरब अमिरातीत येतात, त्या देशात खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. दिवाळीला भावासाठी नेलेली पुडी तिथल्या विमानतळावर सापडली तर तिला कुणी मसाला म्हणणार नाही. तीच गोष्ट काही औषधांची. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते. इथे डॉक्टरने चिठ्ठी दिली की दुकानदार देतो. तिथे त्यासाठी आधी सरकारी परवानगी लागते.

आणि "मला ठाऊक नव्हते" हे शब्द अशा खटल्यांत फार थोडे कामाला येतात. सिंगापूरचेच पाहा. पंधरा ग्रॅमहून अधिक हेरॉइन वाहून नेल्याबद्दल तिथे फाशी सांगितलेली आहे. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती काय आहे हे तुम्हाला माहीत होते, असे धरूनच न्यायालय चालते. माहीत नव्हते हे तुम्ही सिद्ध करायचे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही आरोपीच्या मनातला हेतू असाच गृहीत धरलेला आहे. साध्या चोरीच्या खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. इथे त्यातले बरेचसे आरोपीच्या डोक्यावर येते.

मुंबईच्या एका जोडप्याची हकीगत इथे सांगितली पाहिजे. नावे सांगत नाही, त्यांनी पुष्कळ सोसले आहे. जुलै २०१९ मध्ये नवऱ्याच्या नात्यातल्या एका बाईने या दोघांना कतारची सहल भेट म्हणून दिली. तिकीट तिचे, हॉटेल तिचे. बायकोला दिवस गेलेले. निघताना त्या बाईने ओळखीच्या माणसाला द्यायला म्हणून सामान दिले आणि आत जर्दा आहे असे सांगितले. दोहाच्या विमानतळावर सामान उघडले तेव्हा आतून चार किलोच्या वर चरस निघाला. दोघांनाही दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तुरुंगातच त्या बाईला मुलगी झाली.

इकडे मुंबईत घरचे लोक स्वस्थ बसले नाहीत. मुलाचा एक फोन घरी राहिला होता. त्यात त्या नातेवाईक बाईशी झालेली बोलणी ध्वनिमुद्रित होती. घरच्यांनी ती घेऊन अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे दार ठोठावले. विभागाने इकडे तपास केला, काही माणसांना अटक केली, आणि तो सारा तपशील भारतीय वकिलातीमार्फत कतारच्या सरकारपुढे गेला. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने खटला पुन्हा ऐकायला लावला. मार्च २०२१ मध्ये दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये वर्षाच्या लेकीला घेऊन मुंबईला उतरले. पावणेदोन वर्षे गेली.

या हकीगतीतली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. निर्दोषपणाचा पुरावा कतारात नव्हताच. तो मुंबईत, घरी राहिलेल्या एका फोनमध्ये होता. तो फोन त्यांनी बरोबर नेला असता आणि जप्त झाला असता, तर? घरची माणसे थकली असती, तर? दुसऱ्याचे सामान हाती घेऊ नये हे सगळेच सांगतात. पण जाणारा कुणाच्या सांगण्यावरून गेला, तिकीट कुणी काढले, सामान कुणी भरले, हे मागे राहणाऱ्याला माहीत असले पाहिजे, हे कुणी सांगत नाही. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईची एक अभिनेत्री शारजात पकडली गेली. तिला दिलेल्या स्मृतिचिन्हात गांजा आणि खसखस निघाली. मुंबई पोलिसांच्या तपासात असे पुढे आले की हे कारस्थान तिच्या आईशी एका कुत्र्यावरून झालेल्या भांडणातून रचलेले होते. कुत्र्यावरून! तिथेही सुटका झाली ती इकडच्या तपासामुळे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. कळेल का?

जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेला एक करार आहे. १९६३ साली तो व्हिएन्ना शहरात झाला. त्याचे ३६ वे कलम आपल्या कामाचे. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात पकडला गेला, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी विलंब न लावता त्याला सांगितले पाहिजे की बाबा, तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवून घेण्याचा तुला हक्क आहे. त्याने तशी मागणी केली की त्यांनी वकिलातीला कळवले पाहिजे. मग वकिलातीचा अधिकारी, ज्याला वाणिज्यदूत म्हणतात, तो तुरुंगात येऊन त्याला भेटू शकतो, त्याच्याशी बोलू शकतो, त्याला वकील मिळवून देण्याची खटपट करू शकतो.

मेख कुठे आहे ती पाहा. त्याने मागणी केली की! मागितलेच नाही तर कळवण्याचे बंधन ढिले होते. आणि रात्री दोन वाजता परक्या ठाण्यात, अरबीतला कागद समोर धरून "इथे सही कर" असे सांगितलेल्या वायरमनला काय सुचणार? शिपाई आपणहून सांगेलच याची खात्री नाही, आणि ही अडचण गरीब देशांतच आहे असेही नाही. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात लग्रांद आडनावाच्या दोन जर्मन भावांना खुनाच्या आरोपाखाली पकडले, तेव्हा त्यांना हा हक्क कुणी सांगितलाच नाही. १९९९ मध्ये दोघांनाही देहान्त शिक्षा देण्यात आली. जर्मनीने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. २००१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा हक्क केवळ देशाचा नाही, त्या अटक झालेल्या माणसाचाही आहे. निकाल आला तेव्हा ते भाऊ जिवंत नव्हते.

याच कलमावर आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाचा जीव टांगलेला आहे. कुलभूषण जाधव यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. ते नौदलातले अधिकारी. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांना पकडल्याचे जाहीर केले. बलुचिस्तानात हेरगिरी करताना सापडले, हे पाकिस्तानचे म्हणणे. ते निवृत्त होऊन इराणात व्यापार करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेले, हे भारताचे म्हणणे. भारताने भेटीची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली, ती मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. महिनाभरात भारत हेगला गेला. भारतातर्फे हरीश साळवे उभे राहिले. त्यांची लहानपणची वर्षे नागपुरातली. त्यांनी या कामाची फी एक रुपया घेतली.

१७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. पंधरा न्यायाधीश एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. पाकिस्तानने ३६ वे कलम मोडले आहे, हेरगिरीचा आरोप असला म्हणून हा हक्क नाहीसा होत नाही, शिक्षेचा नीट फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असे न्यायालयाने सांगितले. सुटका करा असे मात्र सांगितले नाही. कलमाला जेवढे दात आहेत तेवढेच ते चावणार. हे समजून घेतले नाही तर वकिलातीकडून भलत्या अपेक्षा होतात.

वकिलातीचा अधिकारी तुरुंगाचे कुलूप काढू शकत नाही. तिथल्या न्यायाधीशाला तो काही सांगू शकत नाही. तो काय करतो? तो येऊन बसतो. ऐकतो. दुभाषा आहे का, औषध मिळते का, मारहाण झाली का, हे विचारतो. घरी कळवतो. गरजूंसाठी वकिलातीकडे एक निधीही असतो. २००९ पासून तो आहे, आणि अडचणीत सापडलेल्या गरीब भारतीयाला वकील देण्यासाठी त्यातून पैसे काढता येतात. घरच्यांना इथूनही परराष्ट्र मंत्रालयाकडे तक्रार करता येते. 'मदद' नावाची व्यवस्था त्यासाठी २०१५ पासून इंटरनेटवर आहे. ती चालवायला मात्र गावात कुणीतरी लिहिता-वाचता माणूस लागतो. बहुधा तो शिक्षकच असतो, हे आलेच.

कुणी म्हणेल, विमानाने जाणाऱ्यांच्या या गोष्टी, आम्हाला काय त्याचे? मग पालघर जिल्ह्याकडे या. डहाणू, तलासरी या भागांतले आदिवासी भाऊ ओखा, पोरबंदर, वेरावळ इथल्या मालकांच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मोलगीकर उसाच्या फडात जातात, हे समुद्रावर जातात, एवढाच फरक. शेताला बांध असतो. समुद्राला बांध घालता येत नाही. त्यात सर क्रीकच्या खाडीपाशी दोन देशांची हद्द कुठून जाते यावर एकमतच नाही. मासळीमागे गेलेली बोट रेषेपलीकडे सापडली की पाकिस्तानी सागरी सुरक्षा दल ती ओढून नेते. बोट मालकाची, पण तुरुंगात जातो खलाशी. कराचीजवळच्या मलीरच्या तुरुंगात.

हद्द ओलांडल्याची शिक्षा पुष्कळदा काही महिन्यांचीच असते. ती भोगून होते, तरी माणूस सुटत नाही. भारत-पाकिस्तान यांच्यात मे २००८ मध्ये कैद्यांविषयी करार झालेला आहे. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीला भेटू द्यायचे, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पक्के झाले की महिन्याभरात परत पाठवायचे, असे त्यात लिहिले आहे. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या तुरुंगातले २१७ मच्छीमार भारतीय होते, किंवा भारतीय असावेत अशी समजूत होती. आपल्याकडे त्यांचे ८१ मच्छीमार होते. त्यांच्याही आया असणारच.

"असावेत अशी समजूत" हे शब्द मी मुद्दाम ठेवले. माणूस स्वतः सांगतो मी अमक्या गावचा, पण दोन्ही सरकारांना ते कागदावर पाहिजे असते. चौकशी दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पोलीस ठाण्याला आणि तिथून पाड्यावर येऊन टेकते. बापाचे नाव काय? रेशनकार्ड आहे का? शाळेचा दाखला? नाव उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येईपर्यंत वसावेचे काय होईल आणि वळवीचे काय होईल, कल्पना करा. शाळेच्या जुन्या रजिस्टरात ते नाव धड लिहिलेले असले, तर एका माणसाचे तुरुंगातले काही महिने वाचू शकतात. मार्च २०२४ मध्ये पालघरचा एक मच्छीमार कराचीच्या तुरुंगातच वारला. त्याचा देह घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

आता बाजू पालटून पाहू. परदेशी माणूस आपल्याकडे पकडला जातो तेव्हा आपण कसे वागतो? व्हिएन्नाचा करार आपल्यालाही बांधतो. आपल्या पोलिसांनीही त्याच्या वकिलातीला कळवायचे असते. आपली राज्यघटना भाषणाचे, संचाराचे स्वातंत्र्य नागरिकाला देते. पण जीविताचे संरक्षण, अटकेचे कारण कळण्याचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम, हे सारे 'व्यक्ती'ला दिलेले आहे. व्यक्ती म्हणजे कोणीही. मुंबईवर २००८ साली हल्ला करणाऱ्या कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला. त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दंडाधिकाऱ्यांना बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा. ज्याच्याविषयी कुणाच्याच मनात दया नव्हती त्याच्या खटल्यातून निघालेला हा नियम आज तुमच्या-माझ्या उपयोगी पडतो.

विशेषतः मोलगीच्या उपयोगी. कारण मनात प्रश्न येतो तो असा. भिलीत किंवा पावरीत बोलणारा माणूस तालुक्याच्या न्यायालयात उभा राहतो तेव्हा तो कितीसा स्वदेशात असतो? साक्ष मराठीत, हुकूम मराठीत किंवा इंग्रजीत. हद्दीपलीकडे पकडला गेला तर कागद गुजरातीत. त्याला तिथे वकिलात नाही, कारण तो परदेशी नाही. पण जे हक्क आहेत ते मागावे लागतात, अगदी त्या कतारातल्या मुलासारखेच. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे, असा कायदा आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटक झाली की नातेवाइकाला कळवले पाहिजे. वकील परवडत नसेल तर तो फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्याने त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणे नेमली आहेत आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. "साहेब, मला समजलं नाही, माझ्या बोलीत सांगा" एवढे म्हणायला लाज वाटू नये. न समजता मान हलवली की तो होकार धरला जातो.

परदेशी जाणाऱ्या मुलांपुरते आणखी थोडे सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर आखाती देशांसह काही ठराविक देशांत नोकरीला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते. परप्रवास कायदा १९८३ चा आहे. ती टाळून प्रवासाच्या व्हिसावर पाठवणारा दलाल भेटला तर समजावे की मुलगा तिथे उतरताच गुन्हेगार ठरू शकतो. काम करायचा परवाना नाही आणि काम तर करतो आहे, हाच गुन्हा. नोंदणी झालेल्या दलालांची यादी सरकारने ठेवलेली असते, ती पाहून घ्यावी. मालकाशी पटले नाही म्हणून न सांगता काम सोडून जाणे हीदेखील काही आखाती देशांत पोलिसांत जाणारी गोष्ट आहे. इकडे आपण मुकादमाला शिव्या देऊन फड सोडतो, तसे तिथे करू नये. आधी वकिलातीत जावे.

त्या शिक्षकांना मी हे सारे नंतर फोनवर सांगितले. त्यांनी मुलाला शाळेत बोलावले. पासपोर्टाची, व्हिसाची, नोकरीच्या कागदाची एकेक नक्कल काढून एक संच आईकडे आणि एक शाळेच्या कपाटात ठेवला. दलालाचे नाव आणि त्याचा नंबर वहीत उतरवला. मग फळ्यावर दोहाच्या भारतीय वकिलातीचा टेलिफोन नंबर लिहिला आणि मुलाला पाठ करायला लावला, कारण पकडल्यावर फोन पहिल्यांदा काढून घेतात. नंबराखाली एक वाक्य लिहिले. आय अॅम इंडियन, प्लीज कॉल माय एम्बसी. मुलाने ते दहा वेळा म्हणून दाखवले.

आई दाराशी बसून ऐकत होती. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, नंबर मलाही पाहिजे. तेव्हा गुरुजींनी घरी जाऊन चुलीच्या वरच्या कुडावर, पाऊस लागणार नाही अशा जागी, तो गेरूने मोठ्या अक्षरांत लिहून दिला.